पिकअपचा हीटर आणि बोअरचं पाणी

आपल्या बुलढाणा जिल्ह्यात गाडीच्या हीटरविषयी कुणी बोलायला लागलं, की ऐकणारा आधी हसतो. चैत्र लागला की स्टिअरिंगला हात लाववत नाही, तिथं हीटर कायले पायजे? म्हणून जुन्या पिकअपची हीटर कॉइल गळायला लागली, की मेहकरला जा नाहीतर चिखलीला, एकच सल्ला मिळतो: 'बायपास करून टाका.' कॉइलच्या दोन नळ्या काढायच्या, एकमेकींना जोडायच्या, अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर. सोयाबीन तोलायला न्यायचं असतं, भाडं ठरलेलं असतं, त्यामुळं मालकही मान डोलावतो. अडल्यानडल्याला हा सल्ला ठीकच आहे. पण कॉइल का गळाली, हे त्यात कुणी विचारत नाही. आज मला त्याच्याबद्दलच बोलायचं आहे.

हीटर कॉइल म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला लहानसा रेडिएटर. इंजिन थंड ठेवणारं पाणी तापून तिच्या बारीक नळ्यांतून फिरतं, ब्लोअर त्यावर हवा मारतो आणि ती ऊब केबिनमध्ये येते. पुष्कळ जुन्या पिकअपना ही सोय मुळातच नसते. ज्यांना आहे, त्यांनाही तिची आठवण येते ती पौषात. हिवरा आश्रमाला विवेकानंद जन्मोत्सव असतो, ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद वाढतात, आणि त्या दिवसांत पहाटेपासून चारी बाजूंच्या गावांतून गाड्या आश्रमाकडं निघतात. केबिनमध्ये तिघे दाटीवाटीनं बसलेले, काचा वर केलेल्या. श्वासाच्या वाफेनं समोरची काच आतून धुरकट होते. ड्रायव्हर एका हातानं फडकं फिरवतो, दुसऱ्या हातानं गाडी चालवतो, आणि समोर उसाची ट्रॉली, मागं दिवा नसलेली. अशा वेळी काचेवर सोडलेली गरम हवा वाफ झटकन साफ करते.

दुसरा उपयोग उन्हाळ्यातला, आणि तो ऐकून काहींना माझी मस्करी वाटेल. भर मे महिन्यात मोताळ्याकडून राजूर घाट चढताना, पाठीवर माल असताना, तापमानाचा काटा लालकडं सरकायला लागला, तर हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात लावा. काचा खाली घ्या. केबिनमध्ये भट्टी पेटेल, घाम निघेल, पण इंजिनातली थोडी उष्णता तिथून बाहेर पडेल आणि गाडी कडेला घेण्यापुरता अवधी मिळेल. बायपास केलेल्या गाडीत हा मार्ग बंद असतो.

आता गळती ओळखायची कशी? गाडीखाली थेंब नाही आणि तरी पाण्याच्या टाकीतली पातळी रोज थोडी उतरते. केबिनमध्ये गोडसर वास येतो. ब्लोअर लावला की काचेवर चिकट धुकं बसतं, पुसलं तर आणखी पसरतं. मॅट उचलून पाहिली तर खालचा नमदा ओला. एसी असलेल्या गाडीत इथं गफलत होते, कारण एसीच्या पाण्याची नळी तुंबली तरी मॅट भिजते. बोटावर घेऊन चोळून पाहा. एसीचं पाणी साधं असतं, त्याला वास नसतो. कूलंट बुळबुळीत लागतं आणि त्याला हिरवी किंवा गुलाबी झाक असते. जिभेला मात्र लावू नका. त्यातलं ग्लायकॉल गोड लागतं आणि ते विषारी आहे.

मग कॉइल का गळते? वय हे एक कारण. पण आपल्याकडचं मोठं कारण पाणी. पातळी उतरली की आपण जवळ असेल ते ओततो. बोअरचं, हापशीचं, ढाब्यावरच्या ड्रमातलं. ज्या पाण्यानं बादलीच्या तळाला पांढरा थर धरतो, तेच पाणी ऐंशी-नव्वद अंशांवर दिवसभर फिरवलं, तर बारीक नळ्यांत काय होत असेल? क्षार चिकटतात आणि वाट अरुंद होते. पाण्यातले क्लोराइड ॲल्युमिनियमला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पाडतात. घाटाखाली पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, शेगाव-संग्रामपूरकडं, जमिनीतलं पाणीच खारट, तिथल्या गाडीवाल्यांनी तर हे आणखी मनावर घ्यावं. जुन्या पितळी-तांब्याच्या कॉइलला डाग देऊन काम भागायचं. आताच्या कॉइल पातळ ॲल्युमिनियमच्या, टोकाला बहुधा प्लॅस्टिकच्या टाक्या. त्यांना डाग देणं म्हणजे पैसे वाया.

लोक कूलंटला थंडीतलं औषध समजतात, आणि बुलढाण्यात कुठं बर्फ पडतो, म्हणून टाळतात. पण त्यात गंज रोखणारी द्रव्यं असतात, ती बाराही महिने लागतात. साधं कूलंट दोन-तीन वर्षांत निकामी होतं. रंग तसाच दिसतो, पण आतली द्रव्यं संपलेली असतात.

गळतीवर हळद टाकायचा उपायही आपल्याकडं जुना. रेडिएटरमध्ये मूठभर हळद टाकली की भोक बुजतं, हे बऱ्याचदा खरंही असतं. पण हळदीला भोक कुठलं आणि नळी कुठली हे कळत नाही. सगळ्यात बारीक वाट हीटर कॉइलची, गाळ आधी तिथंच साचतो. बाजारातल्या गळतीबंद पावडरींचंही थोडंफार असंच. हळद भाजीतच बरी.

आणखी एक कारण फार कमी लोक तपासतात. हौसेनं लावलेले जादा दिवे, हॉर्न, मोठा डेक. त्यांची अर्थिंग नीट नसेल, तर वीज परत जाताना कूलंटमधून वाट काढते आणि धातू आतून खाल्ला जातो. इंजिन थंड असताना झाकण उघडा. मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, लाल टोक कूलंटमध्ये बुडवा, कुठं धातूला टेकू देऊ नका. मग इंजिन सुरू करून एकेक वस्तू चालू करा. आकडा 0.3 व्होल्टच्या वर चढला, तर आधी अर्थिंग दुरुस्त करा. नाहीतर नवी कॉइलही त्याच वाटेनं जाईल.

आता बदलायचं काम. इंजिन पूर्ण थंड हवं. रेडिएटरचं झाकण आत साधारण 1 बारचा जादा दाब धरून ठेवतं, म्हणून आतलं साधं पाणीसुद्धा 100 ऐवजी 120 अंशांच्या आसपास उकळतं. गरम इंजिनाचं झाकण फिरवलं की दाब जातो आणि तेच पाणी उसळून तोंडावर येतं. फडकं धरून उघडणारे शूर आपल्यात पुष्कळ आहेत, त्यांचे हातही पाहिलेत मी.

बॅटरीचं निगेटिव्ह काढा. कूलंट टबात उतरवा, नालीत सोडू नका. गोड वासानं कुत्री आणि वासरं तोंड लावतात. मग बोनेटखाली, केबिनच्या पत्र्यातून आत गेलेल्या दोन नळ्या. जुने होज कॉइलच्या नळीला घट्ट धरून बसलेले असतात. पकडीनं पिळून ओढलं, की पत्र्यातली नळी वाकते, सोबत दुसरंही काही मोडतं. त्यापेक्षा होजला ब्लेडनं उभी चीर द्या. तसाही तो बदलायचाच आहे. कॉइलमध्ये उरलेलं पाणी एका नळीतून हलकेच हवा मारून दुसरीतून काढा, म्हणजे ते मॅटवर सांडणार नाही.

काही गाड्यांत डॅशबोर्डचा खण आणि बाजूचं झाकण काढलं की कॉइल सरळ बाहेर सरकते. काहींत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो, दिवस जातो आणि मजुरी कॉइलच्या किमतीला मागं टाकते. कारागीर बायपास सुचवतो तो यामुळंच, त्याला आळशी म्हणू नका. उघडण्याआधी मोबाइलवर प्रत्येक जोडाचा फोटो घ्या. उन्हानं तापून प्लॅस्टिकच्या लॉका ठिसूळ झालेल्या असतात, सकाळच्या थंडीत त्या काडकन तुटतात. ऊन चढल्यावर हात घातलेला बरा. स्क्रू जिथले तिथं वेगळ्या वाट्यांत ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी गेला तर आतल्या वायरीला भोक पाडतो.

नवी कॉइल बसवण्याआधी एका नळीला बूच लावून, दुसरीतून हलका दाब देऊन बादलीत बुडवा. बुडबुडा दिसला तर दुकानदाराकडं परत. डॅशबोर्ड बसल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं. कॉइलभोवतीचा फोम नवा लावा. तो नसला तर हवा कॉइलला वळसा घालून जाते आणि खडखड वेगळीच. होज आणि क्लिपाही नव्याच.

भरताना निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी. वेगवेगळ्या जातींची कूलंट एकत्र करू नका, रंग सारखा असला तरी. हीटरचा खटका पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं तोंड चढाकडं करा, झाकण उघडं ठेवून इंजिन मंद चालवा. बुडबुडे निघत राहतात, पातळी उतरते, पुन्हा भरायची. डॅशबोर्डमागं खळखळ ऐकू आली किंवा हीटरची हवा गारच राहिली, तर आत हवा अडकली आहे असं समजा. दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड इंजिनावर, पातळी परत बघा. पहिले काही दिवस हे करावं लागतं.

आणि जे मिश्रण उरेल ते सीटमागं कॅनमध्ये ठेवा, म्हणजे ढाब्यावरच्या ड्रमाकडं हात जाणार नाही. फक्त पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरू नका. तहानलेला हमाल लेबल वाचत बसत नाही.