दसरा काढताना



पितृपंधरवडा लागला की मंठाळ, बसवकल्याण, भालकी, आळंद या कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरच्या सगळ्या पट्ट्यात बायका भेटल्या की एकमेकींना एकच विचारतात, "दसरा निघाला का तुमचा?" घटस्थापनेच्या आत घरातलं सूत न् सूत धुऊन वाळलं पाहिजे. वाकळा, सतरंज्या, कुंच्या, दप्तरं, सगळं विहिरीवर नाहीतर ओढ्याला जातं. भिंती पोतारायच्या, मांडणीवरची भांडी चिंचेनं घासून परत लावायची, जाळी-जळमटं काढायची. या सगळ्या खटाटोपाला आपल्याकडे दसरा काढणं म्हणतात. देवीचे घट बसायचे म्हणून हे करायचं, हे खरंच. पण त्यामागं शेताचंही गणित आहे. मूग-उडीद नुकताच रास होऊन घरात आलेला असतो, सोयाबीन काढणीला आलेलं असतं. त्यांना जागा करायची, तर आधी घर मोकळं व्हायला हवं.

आता खरी गोष्ट अशी, की घर मोकळं होत नाही. स्वच्छ होतं. आपण सगळं बाहेर काढतो, धुतो, पुसतो, उन्हात घालतो आणि होतं तसंच आत ठेवतो. फुटक्या दांडीची छत्रीसुद्धा अंघोळ करून पुन्हा खुंटीवर चढते. सुनेनं एखादी वस्तू उकिरड्याकडे नेली की ओसरीवरनं आवाज येतो, "ते कशाला टाकू लालीस गं? राहू दे, लागतंय कवातरी." आणि ते राहतं.

याला आळस म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही. वर्षाकाठी एवढं घासणारी बाई आळशी कशी? दोष निराळ्याच ठिकाणी आहे. जुन्या माळवदी घरात वस्तूंना जागा नेमलेल्या होत्या, आणि त्या बांधतानाच नेमलेल्या होत्या. धान्याला पेव असायचं. पांढरीच्या घट्ट जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा-भुशाचं अस्तर, तोंडावर दगड आणि वर माती. तोंड बंद झालं की आतली हवा संपत जाते आणि किडा जगत नाही. ज्वारी वर्षानुवर्षं टिकायची ती त्यामुळे. म्हणूनच पेव उघडलं की लगेच कुणी खाली उतरायचं नाही, आधी कंदील सोडून बघायचा. कंदील विझला तर माणूस वरच थांबायचा. वाड्याच्या जाड भिंतीत बळद असायचं, वरून भरायचं आणि खालच्या भोकातून लागेल तेवढं काढायचं. डाळीला तुराट्यांची, शेणामातीनं लिंपलेली कणगी. बियाण्याला आणि किडूकमिडूक ऐवजाला उतरंड. दिव्याला देवळी, दुधातुपाला शिंकं, कासऱ्याला खुंटी. या घरात वस्तू हरवली तर ती कुठं नाही हे लगेच कळायचं.

मग घरं बदलली. 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आपल्यातल्या मोठ्या माणसांना आठवत असेल. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. चारला थोडा वेळ असताना किल्लारीला भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात हजारो माणसं झोपेत गेली. त्यातली पुष्कळ माणसं मेली ती मातीत रचलेल्या दगडी भिंतींनी आणि दीड-दोन फूट मातीच्या माळवदांनी. धक्के आपल्याकडेही जाणवले आणि भीतीही आली. उन्हाळ्यात गार राहणारं माळवद तेव्हापासून अंगावर येऊ लागलं. आधीच दरवर्षी त्यावर माती टाकायचा कंटाळा होता, लाकूड महाग झालं होतं. हळूहळू पत्रे आले, स्लॅब आले. हे चांगलंच झालं. पण स्लॅबच्या घरात बळद नाही, देवळी नाही, नऊ इंची भिंतीत काही मावत नाही. वस्तू मात्र सगळ्या त्याच आल्या, वर नव्याही आल्या. मग गवंड्यानं दाराच्या वर सिमेंटचा एक सज्जा काढून दिला, आणि आख्ख्या जुन्या वाड्याचा पसारा त्या सज्ज्यावर चढला.

धान्याच्या पत्र्याच्या कोठ्यांची गंमत अशीच. तूर निघाली की पोती बहुधा सरळ अडतीवर जातात, घरात खाण्यापुरती राहते. कोठी रिकामी. रिकामी कोठी कुणाला बघवते? तिच्यात आधी रिकामी पोती जातात, मग जुन्या चपला, मग मोडका पंखा. पुढच्या वर्षी धान्य ठेवायला कोठी नाही म्हणून आपण नवी कोठी आणतो.

जगात घर आवरण्याचं शास्त्र सांगणारे पुष्कळ झाले. जपानच्या मारी कोंडो या बाईंचं पुस्तक तर लाखोंनी खपलं. वस्तू हातात घ्या, ती आनंद देते का बघा, नसेल तर तिचे आभार मानून निरोप द्या, असं त्या सांगतात. आता तुरीला फवारायचा पंप हातात घेऊन कुणाला आनंद होणार आहे? पण पंप लागतो. कोंडोबाईंनीही 2023 साली सांगून टाकलं, की तिसरं मूल झाल्यापासून टापटिपीचा आग्रह आपण बराच सोडला आहे. तेव्हापासून मला त्या जास्त आवडतात.

आपल्याला इतकं लांब जायचं कारण नाही. बसवकल्याण आपल्या तालुक्याचं गाव. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या भोवती जी शरण मंडळी तिथं जमली, त्यांत आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा हे जोडपं होतं. सांडलेले तांदूळ वेचून आणायचे, त्यांचा प्रसाद करून जंगमांना वाढायचा आणि मग आपण खायचं, हे मारय्याचं कायक, म्हणजे नेमानं करायचं काम. एक दिवस तो रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन आला. लक्कम्मानं पदरात घेतले नाहीत. आपल्याला लागतात तेवढे ठेव आणि उरलेले जिथले तिथं टाकून ये, असं तिनं नवऱ्याला सांगितलं. ही कथा बसवकल्याणात आजही सांगतात. घरात काय यावं हे ठरवणारी ती बाई होती, आणि तिनं ते उंबऱ्यावर ठरवलं, आत आल्यावर नाही.

तरी लक्कम्माचा नेम जसाच्या तसा शेतकऱ्याच्या घरी चालणार नाही, हेही कबूल करायला हवं. 1972 चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, खडी फोडली, परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्ली, ती माणसं दोरीचा तुकडाही टाकत नाहीत. त्यांच्या साठवणीला हसू नये. ज्या घरात सासूबाई दुष्काळातल्या आणि सून टीव्हीच्या जाहिरातीतली, तिथं दसरा काढताना भांडण होणारच. माझं मत विचाराल तर दोघींचंही अर्धं खरं आहे. धान्य, बियाणं, कागद, याबाबत सासूबाईंचं ऐकावं. बाकी सगळ्या बाबतीत सुनेचं.

बाकी सगळं म्हणजे मुख्यतः कापड. आधी वाकळेचं घ्या. सुती लुगडं नेसून नेसून मऊ व्हायचं, मग त्याची वाकळ, वाकळ फाटली की पोतेरं, पोतेऱ्याचं शेवटी चुलीत जळण. कापडाचा धागा वाया जात नव्हता. आता साड्या नायलॉनच्या, पॉलिएस्टरच्या. त्यांची वाकळ अंगावरून घसरते, घाम शोषत नाही, पोतेरं करावं तर पाणी टिपत नाही. म्हणून जुन्या साड्यांची बोचकी वाढतात. कपड्यावर भांडी देणारी बाई दारावर येते, तिला देऊन टाकावीत. घासाघीस जरूर करावी, पण देऊन टाकावीत.

आणि दुसरं कापड आहेराचं. लग्नात टॉवेल-टोपी, साडी, झंपराचा पीस. हा पीस कुणी शिवत नाही. तो ट्रंकेत जातो, पुढच्या लग्नात दुसऱ्याच्या ओटीत जातो, तिथून तिसऱ्या गावाला. एकच पीस सोयरिकीत फिरून वर्षा-दोन वर्षांनी मूळ मालकिणीकडे परत आल्याचं मी ऐकलंय, आणि तिनं तो ओळखला. टोप्यांचं तर विचारू नका. ज्यांनी आयुष्यात टोपी घातली नाही अशा माणसांच्या घरी टोप्यांची चळत असते. "कृपया आहेर आणू नये" असं पत्रिकेवर छापणारी घरं आता वाढली आहेत. त्यांच्याकडे खरंच आहेर नेऊ नये. आपण तरी नेतोच.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं बोलायला घेतलं ती गोष्ट सांगते: कागदांची ट्रंक. सीमेवरच्या माणसाचा हा पसारा इतर कुणाकडे नाही. आपण निजामाच्या राज्यात होतो. सप्टेंबर 1948 मध्ये ते राज्य भारतात आलं. 1 नोव्हेंबर 1956 ला बीदर जिल्ह्याची वाटणी झाली. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, काही भाग आंध्रात गेला, आपण म्हैसूर राज्यात आलो. त्यामुळे एकाच ट्रंकेत पणजोबांचं उर्दू खरेदीखत, आजोबांचा मराठी शाळेचा दाखला आणि मुलाची कन्नड पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, निघतो. घरातल्या कुणा एकाला ते सगळं वाचता येत नाही. आणि जे वाचता येत नाही ते रद्दी वाटतं! भंगारवाल्याच्या तराजूत गेलेली खतं अशीच गेलेली असतात.

या कागदांची किंमत कमी झालेली नाही. घटनेतलं 371 (जे) कलम 2013 साली लागू झालं, आणि आपल्या भागातल्या मुलांना शिक्षणात आणि नोकरीत राखीव जागा मिळू लागल्या. त्याचा दाखला काढायला गेलं की इथंच राहत होतो याचे पुरावे लागतात, आई-वडिलांचे शाळेचे दाखले शोधावे लागतात. महाराष्ट्रातल्या आपल्या सोयऱ्यांनी अलीकडे कुणबी नोंदींसाठी निजामाच्या काळातले कागद कसे हुडकले ते आपण पाहिलंच. पहाणी 2000 च्या सुमारास 'भूमी' योजनेत संगणकावर आली, हाती लिहिलेला उतारा आता व्यवहारात चालत नाही. तरी तो फेकू नये. जमीन कुणाकडून कुणाकडे आली हा माग त्या जुन्या कागदातच असतो, आणि भावाभावांत वाटणीचा तंटा निघाला की तोच माग लागतो.

हे कागद ठेवायचे कसे? पुण्याच्या पेशवे दफ्तरात मराठेशाहीचे कागद कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत, असे हजारो रुमाल. रियासतकार सरदेसाईंनी 1930 च्या आसपास त्यांतून निवडलेल्या कागदांचे 45 खंड काढले. कागद बांधून ठेवलेले होते म्हणून ते हाताला लागले. आपल्याला रुमाल एकच पुरे. सुती कापड घ्या, धुतलेलं. जमिनीचे कागद एका गठ्ठ्यात, शाळेचे दुसऱ्यात, घरपट्टी-वीजबिल तिसऱ्यात. प्रत्येक गठ्ठ्यावर चिठ्ठी लावा, मराठीत आणि कन्नडमध्येही, कारण पुढची पिढी कुठल्या लिपीत वाचेल ते आज सांगता येत नाही. उर्दू कागदावर काय आहे ते जाणत्या माणसाकडून एकदा वाचून घ्या आणि सोबतच्या चिठ्ठीवर लिहून ठेवा. गावात निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेली म्हातारी माणसं फार थोडी उरली आहेत, हे काम पुढच्या वर्षावर ढकलण्यासारखं नाही. जुन्या कागदाला लॅमिनेशन मात्र करू नका. ते परत निघत नाही, आणि कागदाची पाठ आणि शिक्का तपासता येत नाही. चिकटपट्टी नको, रबर नको. ट्रंक भिंतीला लावून जमिनीवर ठेवू नका, खाली चार विटा द्या. वाळवी जमिनीतून आणि भिंतीतून येते. मोबाईलमध्ये फोटो काढून बाहेरगावच्या लेकीला पाठवून ठेवा.

आणखी एक, डोक्यावरच्या सज्ज्याचं. भूकंपानं माळवदाचं ओझं उतरवायला शिकवलं, आणि आपण खाटेच्या वरच जात्याच्या तळ्या, पितळी घंगाळं, जळालेली पाण्याची मोटर असा ढीग रचला. ते जड सामान खाली घ्या. तिथंच मागे फवारणीच्या औषधाच्या बाटल्या असतात, तेलाच्या डब्याला खेटून. रिकाम्या बाटलीत रॉकेल भरून ठेवतात, कुणी पाणीही भरतं. ती बाटली धुऊन, भोक पाडून निकामी केली पाहिजे. उरलेलं औषध घराबाहेर, कुलपात, पोरांच्या हाताला लागणार नाही असं.

तेव्हा यंदा दसरा काढताना धुणं शेवटी धरा. पहिल्या दिवशी कागदांची ट्रंक, दुसऱ्या दिवशी सज्जा, मग वाकळा. आणि घरातल्या पुरुषमंडळींना एक विनंती. मोटर, स्टार्टर, फुटके पाईप, औषधाचे डबे हा पसारा तुमचा आहे. तो तुम्हीच काढा, बायकांच्या दसऱ्यात घालू नका.