काटकसर : पैशाची आणि वेळेची

(शताब्दी महोत्सवातील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



वेळ म्हणजेच पैसा, हे वचन मराठी माणसाच्या तोंडी इतके रुळले आहे की ते बाहेरून आले याची आठवणही उरलेली नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७४८ साली एका तरुण व्यापाऱ्याला उपदेश करताना ते लिहिले. त्याचा हिशेब असा : दिवसाला दहा शिलिंग मिळवू शकणारा मनुष्य अर्धा दिवस भटकण्यात घालवील, तर त्या करमणुकीवर त्याने सहाच पेन्स खर्च केले असले तरी आणखी पाच शिलिंग त्याने फेकून दिलेले असतात. याच फ्रँकलिनने १७३१ साली फिलाडेल्फियात वर्गणीदारांचे ग्रंथालय उभारले होते. एकेकट्याला न परवडणारी पुस्तके अनेकांनी पैसे एकत्र करून घ्यावीत, ही त्यामागची युक्ती. सीमाभागातील जुन्या मराठी वाचनालयांची घडण याहून फारशी निराळी नाही.

फ्रँकलिनचे गणित शब्दशः कोठे लागू पडत असेल, तर ते निपाणीच्या गल्ल्यांत. तेथे विडी वळणाऱ्या स्त्रीला मजुरी मिळते ती दिवसावर नव्हे, हजारावर. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याचे माप ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपातली तंबाखू चिमटीने भरून वळायचे, दोरा बांधायचा, तोंड दुमडायचे. सराईत हाताने दिवसाकाठी आठशे ते हजार विड्या होतात. दहा तासांत हजार धरल्या तर एका विडीला छत्तीस सेकंद पडतात आणि पंचवीस विड्यांच्या बंडलाला पाव तास. या घरात भिंतीवर घड्याळ नसले तरी चालते. वेळ बंडलांत मोजता येतो.

आता याच मापाने काटकसरीकडे पाहावे. बसचे भाडे वाचवण्यासाठी पाऊण तास पायी चालणे म्हणजे तीन बंडले. रेशनच्या रांगेत अर्धा दिवस गेला तर पाचशे विड्या गेल्या. बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते, पण तोपर्यंत थांबायचे तर त्या थांबण्यालाही भाव आहे. सरपण गोळा करावे की रॉकेल विकत घ्यावे, फाटलेले लुगडे शिवत बसावे की आणखी दोन बंडले वळावीत, हा विचार अर्थशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकाविना या बायका रोज करीत आल्या आहेत. बेळगावच्या वडगाव-खासबागेतील विणकराच्या घरीही, जेथे मजुरी साडीच्या नगावर ठरते, हाच हिशेब चालतो. गरिबाला वेळेची किंमत कळत नाही असे सुखवस्तू वर्गात सर्रास बोलले जाते. ती त्याच्याइतकी कोणालाच कळत नसावी.

मात्र हा हिशेब एका ठिकाणी फसतो. विडी घरी बसून वळली जाते. म्हणून चुलीवरचे कालवण, पाळण्यातले मूल आणि दारी आलेला माणूस हे सारे त्याच दहा तासांत बसवले जाते. शिवाय ठेकेदाराने दिलेली पाने फाटकी निघाली आणि विड्या भरल्या नाहीत, तर पाने पदरच्या पैशाने घ्यावी लागतात. देताना काही विड्या छाट म्हणून बाजूला पडतात. त्यांना लागलेले छत्तीस-छत्तीस सेकंद कोणाच्याच वहीत जमा होत नाहीत. मग तूट भरून काढायला शाळेतून आलेली मुलगी दोरा बांधायला, तोंडे दुमडायला बसते. घराने पैसा वाचवला असे म्हणायचे, पण वाचवला तो तिच्या अभ्यासाच्या वेळातून. काटकसरीचे कौतुक मराठी लेखनात पुष्कळ झाले आहे. ती कोणाच्या वेळावर केली जाते, हे विचारण्याची रीत मात्र कमी.

प्रश्न दुर्लक्षित होता असे नाही. विडी व सिगार कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधी आला. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकऱ्यांनी शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली निपाणीजवळ महामार्गावर ठाण मांडले आणि ६ एप्रिलच्या गोळीबारात काहींचे प्राण गेले. वखारींत तंबाखू चाळणाऱ्या स्त्रियांच्या संघर्षावर युगांतर या गटाने १९८२ साली माहितीपट केला. भाव, मजुरी आणि धूळ यांची चर्चा झाली. फुरसतीची झाली नाही.

तंबाखूच्याच धंद्यात फुरसत विकत घेतल्याची दोन उदाहरणे आहेत. हवानातील सिगारच्या कारखान्यांत १८६५ पासून एक वाचक उंच आसनावर बसून कामगारांना वर्तमानपत्रे व कादंबऱ्या वाचून दाखवू लागला. त्याचा पगार मालक देत नसे, कामगार आपल्या मजुरीतून देत. हात गुंतलेले, कान मोकळे! तेथील एका प्रसिद्ध सिगारचे ‘माँटेक्रिस्टो’ हे नाव ड्यूमाच्या कादंबरीवरून आलेले आहे. दुसरे उदाहरण केरळातल्या कण्णूरचे. तेथे १९६९ साली विडी कामगारांची ‘दिनेश बीडी’ ही सहकारी संस्था निघाली. त्या भागातील विडीशाळांत कामगारांपैकीच एकजण मोठ्याने वाचीत असे आणि त्याच्या वाट्याच्या विड्या बाकीचे वळून देत.

निपाणीत विडीशाळेचे छप्पर नसले, तरी दुपारी सावलीच्या ओट्यावर चौघी-पाचजणी सुपे घेऊन एकत्र बसतातच. दहाजणी बसल्या आणि त्यांतल्या एकीने, किंवा तिच्या शाळेत जाणाऱ्या मुलीने, तासभर वाचले तर शंभर विड्या कमी पडतील. उरलेल्या नऊजणींत त्या वाटल्या तर प्रत्येकीला अकरा-बारा येतात, म्हणजे सात मिनिटांचे काम. एवढ्या भांडवलावर एक वाचक ठेवता येतो. पुस्तक मात्र ओट्यापर्यंत पोहोचवावे लागेल, कारण वाचनालयाची संध्याकाळची वेळ हीच हजार पुरे करण्याचीही वेळ आहे, आणि अनामत रक्कम बंडलांत मोजली तर ती कोणत्याही गल्लीला जड वाटेल.