भुताचं मीटर आणि घरातली सून

(केदारखेडा, ता. भोकरदन, जि. जालना येथे महिलांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज भुताविषयी बोलायचं ठरलंय असं कळल्यावर तुमच्यातल्या काहीजणी हसल्या आणि काहीजणी एकदम गप्प झाल्या. गप्प झाल्या त्यांच्यासाठी मी मुख्यतः आलेय. भूत आहे की नाही हा वाद मी घालणार नाही. तो रात्रभर चालतो आणि सकाळी सगळे आपापल्या मतावर कायम असतात. मला बोलायचंय ते भूत शोधायला घरात जे यंत्र येतं त्याविषयी. ते काय मोजतं, कुठं फसवतं, आणि फसवलं की त्याची किंमत घरातलं कोण मोजतं.

एक घडलेली गोष्ट सांगते. गावाचं नाव घेत नाही, कारण ती बाई आजही तिथंच नांदते आहे. लागोपाठ दोनदा तिचं पोट पडलं. दुसऱ्या वेळी तर पाचवा महिना होता. घरात कुजबूज सुरू झाली, सुनेला बाहेरचं आहे. आधी भगत झाला, लिंबू झालं, उतारा झाला. सासऱ्यांचा त्यावर फारसा विश्वास नव्हता. मग धाकटा दीर मोबाइलवर काही बघून म्हणाला, भगत अडाणी असतात, आपण शास्त्रीय तपासणी करू. शहरातून दोन तरुण आले. काळी बॅग, कॅमेरा, गळ्यात ओळखपत्र. त्यांनी हातात मावेल एवढं एक यंत्र काढलं. त्याला पाच दिवे, हिरव्यापासून लालपर्यंत. दिवसा घरभर फिरवलं, काहीच नाही. रात्री बारा वाजून गेले आणि सुनेच्या खाटेजवळ पाचही दिवे लागले. दुसऱ्या रात्री पुन्हा तसंच, त्याच खाटेजवळ, त्याच सुमारास. आणखी काय पुरावा पाहिजे? तिसऱ्या दिवशी सून माहेरी. अंगात रक्त नाही, धड चालवत नाही, आणि काखेत कपड्यांची पिशवी.

लिंबावर जे सासरे बसले नव्हते ते मीटरवर बसले. मला यातलं सगळ्यात वाईट हेच वाटतं. भगताला आपण चार प्रश्न विचारू शकतो. यंत्राला प्रश्न विचारायचा तर आपल्यालाच अडाणी ठरवतात.

आमच्या गटातल्या एकीचा मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकतो. त्याला घेऊन आम्ही दोघीतिघी त्या घरी गेलो. दिरानं ते यंत्र त्या पोरांकडून विकत घेऊन ठेवलं होतं, त्यामुळं ते हाताशी होतं. घर मळ्यातलं. खाट ज्या भिंतीला लागून होती तिच्या पलीकडं गोठा, आणि गोठ्यात नेमका त्याच जागी विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर. त्याला ऑटो बसवलेला, म्हणजे लाइन आली की मोटार आपोआप चालू. मोटार लांब विहिरीत, पाण्याखाली, तिचा आवाज घरात येत नाही. आता तुम्हीच सांगा, शेतीची थ्री फेज लाइन त्या आठवड्यात किती वाजता येत होती? तुमच्या चेहऱ्यांवरून दिसतंय की कळलं. रात्री बाराला.

वायरमधून वीज वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं. मातीची किंवा विटांची भिंत त्याला अडवत नाही. हे यंत्र तेच क्षेत्र मोजतं. त्याला ईएमएफ मीटर म्हणतात. घरातली वायरिंग, विजेची उपकरणं यांच्याभोवती किती क्षेत्र आहे ते बघायला ते बनवलं. काही मीटरचे दिवे तर जवळ मोबाइल वाजला तरी लागतात. आम्ही गेलो तेव्हा लाइनची पाळी बदलून दिवसाची झाली होती, म्हणून भूतही सकाळी दहाला आलं. मी सासूबाईंनाच स्टार्टरचं बटण दाबायला लावलं. बंद केलं, दिवे गेले. चालू केलं, दिवे आले. चार वेळा झालं. पाचव्यांदा त्यांनी मी न सांगता दाबून बघितलं.

मीटर बिघडलेलं नव्हतं. पलीकडं वीज वाहतेय, एवढंच ते म्हणत होतं. भूत हा शब्द ते धरणाऱ्या पोराचा, आणि सून हा शब्द घरच्यांचा. खाटेवर नवराही झोपत होता, पण त्याच्या अंगात काही आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही!

बाकीच्या यंत्रांचंही असंच. दुरून तापमान मोजायची ती बंदूक तुम्ही सगळ्यांनी २०२० साली करोनात बघितली, आशाताईंच्या हातात होती. भूत शोधणारे ती कोपऱ्यात रोखतात आणि आकडा कमी आला की म्हणतात, इथं थंडावा आहे, इथं आत्मा आहे. पण ती हवेचं तापमान मोजतच नाही. समोर जी वस्तू असेल तिच्या पृष्ठभागाचं मोजते, आणि चकचकीत भांड्यापुढं तर फसतेच. स्टीलच्या डब्यात गरम पाणी भरून बाहेरून बंदूक रोखा, हाताला चटका बसेल पण आकडा बराच कमी दाखवेल. फोटोत पांढरे गोळे दिसतात ते लेन्ससमोरची धूळ फ्लॅशनं उजळल्यामुळं. आपल्याकडं उन्हाळ्यात तसला फोटो काढायला स्मशानात जायची गरज नाही, रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला की पुरे.

आवाजाची यंत्रं जास्त फसवी. १९५९ मध्ये स्वीडनमधल्या फ्रिडरिश युर्गेन्सन नावाच्या माणसानं पक्ष्यांचे आवाज टेप केले आणि त्यात त्याला माणसांचं बोलणं ऐकू आलं. पुढं कॉन्स्टान्टिन राउडिव्ह यांनी असले हजारो आवाज गोळा केले. आता तर रेडिओची स्टेशनं भराभर बदलत राहणारा डबा मिळतो. त्यातून अर्धे शब्द फुटतात आणि ऐकणारी माणसं ते पुरे करतात. आम्ही गटाच्या बैठकीत असलीच खरखर टेप करून ऐकवली. आधी काही न सांगता प्रत्येकीला माझ्या कानात सांगायला लावलं. कुणाला बस आली ऐकू आलं, कुणाला बाळ रडलं, बऱ्याचजणींना काहीच नाही. मग मी म्हटलं, यात ‘सोड मला’ असं आहे, ऐका. पुन्हा लावली तर निम्म्याजणींना ते स्पष्ट ऐकू आलं, आणि एकीच्या अंगावर काटा आला. तो काटा खरा होता. शब्द मी घातला होता.

मग यंत्र भरवशाचं कधी? याचं उत्तर मायकेल फॅरेडे यांनी १८५३ मध्ये दिलंय. विजेचा हा मोठा शास्त्रज्ञ. त्या काळी इंग्लंडात लोक टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवत आणि आत्मे टेबल हलवतात असं म्हणत. फॅरेडेनं हातांखाली पुठ्ठ्याचे थर मऊ चिकटवणीनं जोडून ठेवले आणि एक काटा बसवला. टेबल आधी हललं की हात आधी हलला, हे त्यावरून कळे. हात आधी हलत होते, आणि बसलेल्यांना ते कळतही नव्हतं. काटा त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवला की टेबल हलायचं थांबलं. म्हणजे लबाडीच असते असं नाही, चांगली माणसंही स्वतःला फसवतात. आपल्या पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहतो तोही याच रांगेतला, आणि प्लँचेटही.

प्लँचेटवरून आठवलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्याच्या तपासात प्लँचेटची मदत घेतली गेली असा आरोप २०१४ मध्ये छापून आला. संबंधित अधिकाऱ्यांनी तो नाकारला. पण ज्या माणसानं आयुष्यभर हेच सांगितलं त्याच्याच खुनाबाबत असा प्रश्न उठावा, हे मला अजून टोचतं. २०२४ मध्ये न्यायालयानं दोघांना जन्मठेप दिली, ती साक्षीपुराव्यावर.

त्यांनी ज्याचा पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा २०१३ सालीच झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, दोरखंडानं बांधणं, मिरचीची धुरी देणं हा गुन्हा. एखादी करणी करते असं पसरवून तिचं जगणं मुश्कील करणं हा गुन्हा. भुताच्या कोपाची भीती घालून दवाखान्यापासून रोखणं हाही गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद होऊ शकते. कुणी म्हणेल आम्ही फक्त मीटर फिरवलं. मीटर फिरवा, पण त्या नावाखाली बाईला घराबाहेर काढलंत, तिचे उपचार थांबवलेत, तर आम्ही ठाण्यात येऊ.

ती सून दिवाळीनंतर परत आली. तिचं रक्त तपासलं, फारच कमी निघालं. गोळ्या चालू आहेत, बाकीच्या तपासण्या जालन्याला व्हायच्यात. त्या कशाचंच नाव कुणी आधी घेतलं नव्हतं. स्टार्टर तिथंच आहे, खाट हलवली. सासूबाई ते मीटर भिंतीला टांगून लाइन आली का ते बघतात. थोरली जाऊ मात्र अजून तिच्या हातचं पाणी घेत नाही. त्याला माझ्याकडं बटण नाही. आम्ही जात राहतो, बसतो, चहा तिच्याच हातचा घेतो.

आता बोलणं पुरे. कपड्यावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की तो लाल होतो, लिंबू पिळलं की पुन्हा पिवळा, हे तुम्हाला माहीत आहे. धुणारी सवाष्ण असो की विधवा, डाग तसाच वागतो. याला म्हणतात भरवशाचं यंत्र. या पिशवीत जास्वंदीचं फूल चोळून वाळवलेली सुरी आहे, लिंबं आहेत, आणि ती खरखरीची टेपही आहे. लिंबातून रक्त कसं निघतं ते आधी बघू. कोण कापतंय? सुरी मी धरणार नाही, तुमच्यातलीच एकजण पुढं या.