सार्वमत आणि निनावी जाहिरात
(एका व्याख्यानातील मुख्य भाग)



निवडणुकीत चुकलेला कौल पाच वर्षांनी दुरुस्त करता येतो. सार्वमताचा निर्णय पिढ्यान्‌पिढ्या भोगावा लागतो. गोव्याचा जनमत कौल आठवा. १६ जानेवारी १९६७ रोजी विलीनीकरणाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. त्या निकालाचे शल्य आपल्यापैकी अनेकांच्या उरात आहे. तथापि एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. ती लढाई उघड्या मैदानावर झाली. ‘गोमन्तक’ विलीनीकरण मागत होता, ‘राष्ट्रमत’ त्याला विरोध करीत होता. दोन्ही पत्रे मराठीच, आणि ज्याला हवी त्याने ती शेजारी ठेवून वाचावीत. आरोप दिसत होता, म्हणून त्याला उत्तरही देता येत होते.

इंटरनेटवरील जाहिरातीने नेमके हेच हिरावून घेतले आहे. मतदाराचे वय, वस्ती, आवडनिवड हेरून एकाच्या मोबाईलवर एक भीती धाडावयाची, शेजाऱ्याच्या मोबाईलवर दुसरीच! ब्रिटनने २०१६ साली युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला. त्या वेळी ‘व्होट लीव्ह’ या संघटनेने फेसबुकवर दिलेल्या जाहिराती ब्रिटिश संसदेच्या समितीने जुलै २०१८ मध्ये प्रसिद्ध केल्या. एकीत बैलझुंजीतील बैलांचा कळवळा, तर दुसरीत इंग्रजांच्या चहाच्या पेल्यावर संकट! त्याच महिन्यात खर्चाची मर्यादा ओलांडल्याबद्दल त्या संघटनेस ६१,००० पौंड दंड झाला. कौल देऊन तोवर दोन वर्षे लोटली होती.

परंतु मला विशेष बोलावयाचे आहे ते आयर्लंडविषयी. गर्भपातावर बंदी घालणारी आठवी घटनादुरुस्ती रद्द करावी की नाही, यासाठी तेथे २५ मे २०१८ रोजी मतदान झाले. प्रश्नाच्या गुणदोषांत मी शिरत नाही. त्या देशात आकाशवाणी व दूरचित्रवाणीवर राजकीय जाहिरातींना कायद्याने मज्जाव आहे. इंटरनेटवर मात्र रान मोकळे होते. परदेशात बसलेल्या कोणीही पैसे भरावेत आणि आयरिश मतदाराच्या कानाशी लागावे! ओरड झाली. ८ मे रोजी फेसबुकने परदेशी जाहिराती बंद केल्या. दुसऱ्याच दिवशी गूगलने या सार्वमताच्या सर्वच जाहिराती, देशी असोत वा परदेशी, बंद करण्याचे जाहीर केले. एका पक्षाने स्वागत केले, दुसरा संतापला. ६६.४ टक्के मते दुरुस्ती रद्द करण्याच्या बाजूने पडली, आणि एवढ्या मोठ्या अंतरामुळे हा वाद थंडावला. अंतर अल्प असते तर? मतदानास सोळा दिवस उरले असता प्रचाराचा नियम बदलण्याचा अधिकार एका अमेरिकन कंपनीला कोणी दिला होता? कोणीच नाही. कायदेमंडळाने जागा रिकामी ठेवली आणि व्यापाऱ्याने ती व्यापली, इतकेच. आयर्लंडने निवडणूक सुधारणेचा कायदा केला तो २०२२ साली.

नियमन म्हणताच काही मित्रांना भाषणस्वातंत्र्याची आठवण होते. त्यांनी आपल्याकडील निवडणुकीचे साधे हस्तपत्रक हाती घ्यावे. त्यावर मुद्रक व प्रकाशक यांचे नाव-पत्ते असावेच लागतात. त्याने कोणाची वाचा बसली? बोला, हवे ते बोला. पण पैसे कोणी दिले, किती दिले आणि कोणाला गाठण्यासाठी दिले, एवढे सांगा!

युरोपीय संघाने नेमके हेच मागितले. त्याचा नियम १० ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला: जाहिरातीवर पैसे देणाऱ्याचे नाव हवे, रक्कम हवी, लक्ष्य कोण ते हवे, आणि सार्वमताच्या आधीचे तीन महिने संघाबाहेरच्या पैशाला बंदी. यावर गूगल आणि मेटा यांनी काय करावे? नियम जाचक व अनिश्चित आहेत, अशी सबब सांगून त्यांनी तेथे राजकीय जाहिराती घेणेच थांबविले. म्हणजे नाव सांगण्यापेक्षा दुकान बंद केलेले बरे! यात श्रीमंत पक्षाचे फारसे अडत नाही. त्याच्यापाशी छापखाने आहेत, गाड्या आहेत, पगारी माणसे आहेत. अडते ते चार कार्यकर्त्यांच्या लहान संघटनेचे, जिला थोडक्या पैशांत गावोगाव पोहोचण्याचा तेवढाच एक मार्ग होता.