एक डोळा, दोन कामे
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या वर्षी याच सभेत आपण वडीलधाऱ्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्यांची सीडी संगणकावर लावली होती. ओव्या ऐकता ऐकता तिची नक्कलही उतरवून घ्यावी, असा माझा बेत होता. पण गाणे अडखळू लागले आणि नक्कलही अर्धवट राहिली. आलापल्लीच्या विजेला आपण बोल लावला. खरे पाहता दोष माझ्या घाईचा होता.

सीडी बाजारात आली १९८२ साली. तिच्यावर डाव्या-उजव्या बाजूंचा आवाज दर सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून आकड्यांत लिहिलेला असतो. ते आकडे एक बारीक प्रकाशकिरण वाचतो. तोच यंत्राचा डोळा, आणि तो एकच! गाणे वाजविणारा प्रोग्राम म्हणतो, पहिली ओवी दे. नक्कल करणारा म्हणतो, सातवी दे. बिचारा डोळा येरझारा घालतो आणि प्रत्येक फेरीत वेळ दवडतो. एकाच सुनेला सासूने चुलीपाशी आणि नणंदेने विहिरीवर हाक मारावी, तशातली गत.

मग दोन्ही कामे एकदम व्हावीत कशी? यंत्र गाण्याच्या कितीतरी पट वेगाने वाचू शकते. म्हणून नक्कल आधी सुरू करावी. पहिली ओवी संगणकातल्या हार्ड डिस्कवर उतरली, की तेथूनच ती वाजवावी. सीडी पुढचे काम करीत राहील. हार्ड डिस्क बरीच चपळ असते. शिवाय संगणक काही क्षणांचा आवाज आगाऊ साठवून ठेवतो. घागर भरलेली असली, म्हणजे पोहरा विहिरीत असतानाही तहान भागते.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वां यांनी गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. आपली सीडी त्यापुढे लहानच. पण आपल्या सीडीवर गाणाऱ्यांपैकी एक आजी आता आपल्यात नाहीत. सीडीवर ओरखडा पडला, तर त्यांचा आवाज पुन्हा कोठून आणावा?

भगिनींनो, या खेपेस नक्कल पुरी झाली आहे. एक प्रत मंडळाच्या कपाटात आहे. दुसरी दुसऱ्या घरी ठेवावी, एवढीच माझी विनंती. आणि आता, ओव्या ऐकू या.