शिवणीतील माया
(सोलापूर येथे शिवणकाम प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेल्या भाषणावरून)



सोलापूर हे कापडाचे गाव. १८७७ साली येथे ‘जुनी गिरणी’ उभी राहिली. पुढे आणखी गिरण्या निघाल्या आणि कालांतराने बंदही पडल्या. भोंगे थांबले, तरी कापडाशी जडलेले नाते तुटले नाही. आज येथे शिवलेले शालेय गणवेश अनेक राज्यांत जातात आणि या कामात स्त्रियांचा वाटा मोठा आहे. हजार विड्यांमागे मजुरी घेणाऱ्या, तंबाखूच्या धुळीत आयुष्य काढणाऱ्या भगिनींच्या या शहरात अशा कामाचे मोल निराळे सांगावयास नको.

मात्र एक भेद ध्यानी घ्यावा. नुसते यंत्र चालविणे म्हणजे शिवणकला नव्हे. दुसऱ्याने बेतलेल्या कपड्याला कॉलर जोडणारी किंवा काज-बटण करणारी स्त्री नगावर मजुरी घेते. दर दुसराच ठरवितो. जिला माप घेता येते, कापड वाया न घालविता बेतता येते आणि कपडा पूर्ण करता येतो, ती आपला दर आपण सांगू शकते. म्हणून वर्गात बेतणीला शिलाईइतकाच वेळ मिळाला पाहिजे.

दुसरी गोष्ट कामाची. २०२४-२५ मध्ये राज्यातील मोफत गणवेशाचे कापड मध्यवर्ती पद्धतीने घेऊन शिलाई महिला बचत गटांकडे सोपविण्यात आली. वेळ आणि माप या दोहोंबाबत अनेक शाळांतून तक्रारी आल्या. डिसेंबर २०२४ मध्ये शासनाने ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिली. अंगावर माप न घेता बेतलेला कपडा अंगाला बसत नाही, हा या कलेचा पहिलाच धडा आहे. आता निर्णय गावाच्या हाती असेल, तर गावातील शिकलेल्या हातांचा विचार प्रथम व्हावा. प्रमाणपत्र मिळालेल्या भगिनीला पहिले काम मिळाले नाही, तर यंत्रावर धूळ बसते आणि शिकलेले विसरले जाते. काम मात्र नियमाने, नमुना पाहून आणि वेळेची अट घालूनच द्यावे. दया म्हणून नव्हे.

भगिनींनो, वाढत्या मुलाचा कपडा शिवताना आपण शिवणीत थोडे कापड राखून ठेवतो. त्याला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. उद्याच्या वाढीसाठी आज ठेवलेली ही जागा. प्रशिक्षणाच्या प्रत्येक योजनेतही आपण सर्वांनी अशीच माया राखावी, एवढीच विनंती.