छर्रा न भरता



आष्टीत उभं राहून पिस्तुलाबद्दल बोलायचं, तर एक गोष्ट आधी बोलली पाहिजे. १६ ऑगस्ट १९४२ ला, ऐन नागपंचमीच्या दिवशी, इथल्या पोलीस ठाण्यावर गेलेल्या लोकांवर गोळ्या चालल्या. आष्टीला ‘शहीद’ म्हणतात ते त्या दिवसामुळे. बंदूक माणसावर रोखली की काय होतं, हे तुम्हाला बाहेरून येऊन कोणी सांगायला नको. मी आज ज्या पिस्तुलाबद्दल बोलणार आहे, त्याचा सगळा धर्म ते लक्ष्याच्या कागदाखेरीज कशावरही न रोखण्यात आहे, आणि तो धर्म इथे जास्त नीट समजून घेतला जाईल, असा माझा विश्वास आहे.

मघाशी चहाच्या वेळी दोन पालक भेटले. पॅरिस ऑलिंपिकमध्ये मनू भाकरनं दोन पदकं घेतली, आपल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे रायफलमध्ये कांस्य घेऊन आला, तेव्हापासून घरोघरी मुलं हट्ट धरून बसली आहेत. या दोघांनी संत्र्याच्या पैशातून मुलांना एअर पिस्तूल घेऊन दिलंय. त्यातल्या एका मुलानं मला विचारलं, “सर, गावात रेंज नाही, मंग घरी काय करू?” आजचं व्याख्यान त्याच्यासाठी आहे.

बाळा, नेमबाजीतला मोठा भाग घरीच होतो, आणि तो छर्रा न भरता होतो. त्याला ड्राय-फायर म्हणतात.

१० मीटरवरच्या लक्ष्यात दहा गुणांचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. एका हातात, आधाराशिवाय, किलोभर वजनाचं पिस्तूल धरून ते गाठायचं. हात हलणारच. ऑलिंपिकच्या खेळाडूचाही हलतो. पण हात सगळाच्या सगळा तीन मिलिमीटर सरकला, तर छर्राही तीनच मिलिमीटर सरकतो. याउलट पुढची माशी मागच्या खाचेत केसभर, म्हणजे ०.१ मिलिमीटर, जरी कलली, तरी लक्ष्यावर तेवढाच तीन मिलिमीटरचा फरक पडतो. माशी आणि खाच यांच्यात साधारण एक फूट अंतर, आणि लक्ष्य त्याच्या तीसपट लांब. म्हणून नजर माशीवर ठेवायची, लक्ष्य धूसर दिसू द्यायचं. अर्जुनाला पोपटाचा डोळा दिसत होता, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. पिस्तूल धरताना ती बाजूला ठेवावी लागते.

आता चाप. स्पर्धेच्या एअर पिस्तुलाच्या चापानं निदान ५०० ग्रॅम वजन पेललं पाहिजे, असा नियम आहे. किराणा दुकानातलं अर्ध्या किलोचं वजन हातात घेऊन पाहा. तेवढा दाब बोटानं हळूहळू वाढवत न्यायचा आणि माशीला त्याचा पत्ता लागू द्यायचा नाही. छर्रा भरलेला असला की मन गुणांकडे धावतं, आवाजाच्या धास्तीनं मनगट आवळतं आणि चूक झाकली जाते. रिकाम्या पिस्तुलावर ‘टिक्’ झाल्या क्षणी माशी कुठे उडाली, ते लख्ख दिसतं. टिक् झाल्यावरही दोन सेकंद तसंच पाहत राहायचं. आणि दहा सेकंदांत टिक् झालं नाही, तर हात खाली घ्यायचा. मी शिकवतो तिथे मुलांना सर्वांत जड जातं ते हे हात खाली घेणं. रोज वीस मिनिटं, कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर, मन लावून ओढलेले चाळीस चाप पुरे. थकलेल्या हातानं दोनशे ओढले, तर फक्त चुकीची सवय पक्की होते.

मात्र आपलं पिस्तूल कोणत्या जातीचं आहे, ते आधी पाहा. कोंडलेल्या हवेवर चालणाऱ्या स्पर्धेच्या पिस्तुलांत ड्राय-फायरची सोय असते. ती लावली की चाप टिचकतो, हवा सुटत नाही. स्प्रिंगच्या पिस्तुलात छर्रा नसताना चाप ओढलात, तर दट्ट्याला हवेची उशी मिळत नाही, तो थेट आदळतो आणि सील फुटतं. तुमच्या पिस्तुलाच्या पुस्तिकेत वेगळी सोय सांगितली नसेल, तर ते रिकामं ओढायचंच नाही. तिसरी जात काडतुसाच्या पिस्तुलाची. नेमबाज राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण घेतलं ते २५ मीटर प्रकारात, पॉइंट टू-टूच्या पिस्तुलावर. त्यात काडतूस नसताना घोडा पडला, तर त्याची पिन नळीच्या कडेवर बसू शकते. म्हणून तिथे डमी काडतूस घालतात.

आता माझी चूक सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मी घरात लक्ष्य लावून छर्रे मारत असे आणि त्याच खोलीत ड्राय-फायरही करत असे. एका संध्याकाळी छर्रा भरला, तेवढ्यात दाराशी कोणी हाक मारली. बोलून परत आलो, भिंतीकडे तोंड केलं आणि ‘रिकामा’ चाप ओढला. बाजूच्या लोखंडी कपाटावर ठण्णकन आवाज झाला. छर्रा चपटा होऊन फरशीवर पडला होता, टिकलीएवढा. कपाटाला पोचा आला. माझी मुलगी त्या कपाटासमोर उभी राहून वेणी घाली. तो पोचा तिच्या कपाळाच्या उंचीला होता. ती तेव्हा शेजारी गेली होती. कपाट मी अजून रंगवलेलं नाही.

तेव्हापासून ड्राय-फायरच्या खोलीत छर्ऱ्यांचा डबा येत नाही. आधी नळी उघडून डोळ्यांनी पाहायची, मग बोट लावून पाहायची. समोर पक्की विटांची भिंत हवी, पत्रा किंवा पातळ फळी चालणार नाही. घरच्यांना सांगून बसायचं. मध्येच उठावं लागलं, तर परत पहिल्यापासून तपासणी. सराव संपला की नळीत आरपार केशरी दोरी घालायची, पिस्तूल कुलपात आणि किल्ली मोठ्यांकडे.

निगा थोडीच, पण आपल्या हवेप्रमाणे. स्पर्धेच्या पिस्तुलाच्या सिलिंडरमध्ये हवा २०० बारपर्यंत भरतात. मोटारीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन असते, त्यावरून अंदाज घ्या. वर्ध्याचा मे महिना आणि बंद गाडी, यांत तो सिलिंडर कधी ठेवू नका. पिस्तुलाला शिवणयंत्राचं तेल घालायचा मोह होतो, पण हवेच्या मार्गात साधं तेल गेलं की दाबाखाली ते पेट घेऊ शकतं. आट्यांना सिलिकॉन ग्रीसचा पुसट हात पुरतो. नळीत लोखंडी गज घालू नका. फेल्टचे बोळे मागच्या बाजूनं, तेही पुस्तिका सांगेल तेव्हाच. पावसाळ्यात स्पंजची पेटी ओल धरते, म्हणून सराव झाल्यावर घामाचे ठसे पुसून पिस्तूल वाळू द्या, मगच पेटीत ठेवा. छर्रे शिशाचे असतात, हात धुतल्याशिवाय खायला बसू नका.

आणि चाप, झडपा, आतले स्क्रू स्वतः खोलू नका. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ ला पात्रता फेरी चालू असतानाच मनूचं पिस्तूल बिघडलं. तिची काही चूक नव्हती. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली, उरलेले नेम घाईत मारावे लागले. ती ५७५ गुणांवर थांबली आणि अंतिम फेरी दोन गुणांनी हुकली. यंत्र आहे, बिघडतं. आपल्या हाती एवढंच, की बिघाडाचं कारण आपण होऊ नये.

माझं पिस्तूल या टेबलावर आहे. सिलिंडर काढलेला आहे, नळीत दोरी आहे. ज्या मुलांना धरून पाहायचंय, त्यांनी एकेक करून यावं. तोंड त्या मागच्या भिंतीकडे ठेवायचं. त्या बाजूला बसलेल्यांनी तोवर कृपया इकडे यावं.